मिरे, मीठ आणि धूर

आमच्या आईच्या स्वयंपाकाच्या वहीत प्रत्येक कृतीच्या माथ्यावर कुणाचे ना कुणाचे नाव आहे. ‘थोरल्या जाऊबाईंचा काळा मसाला’, ‘माडीवरच्या वहिनींची चकलीची भाजणी’, ‘नागपूरच्या मावशींचे लोणचे’. प्रमाणाच्या बाबतीत ही वही फारशी भरवशाची नाही. ‘मिरच्या अंदाजाने’, ‘मीठ बेताचे’, ‘खोबरे हाताला येईल तेवढे’ असा सारा कारभार. पण नावाच्या बाबतीत मात्र ती सावकाराच्या खतावणीइतकी चोख आहे. लहानपणी मी एकदा तिला विचारले होते, “मसाला तूच कुटतेस, मग नावे दुसऱ्यांची कशाला?” ती म्हणाली, “अगं, उसनी आणलेली वाटीसुद्धा रिकामी परत करू नये. इथे निदान नाव तरी लिहावे.”

आईचे हे बोलणे मला फार वर्षांनी आठवले, आणि तेही भलत्याच ठिकाणी. अमेरिकेतील टेक्सास संस्थानची राजधानी ऑस्टिन. तेथे माझा भाचा नोकरीनिमित्त असतो. त्याच्याकडे काही दिवस राहायला गेले होते. एका शनिवारी संध्याकाळी शेजारचे गृहस्थ आपल्या परसात काहीतरी मोठी तयारी करताना दिसले. लोखंडी पिंप आडवे टाकून केलेली भट्टी, तिच्या शेजारी ओकाच्या लाकडाची चळत, आणि लाकडी पाटावर पाच-सहा किलोंचा मांसाचा एक अखंड तुकडा. ते मांस बैलाचे होते, हे वाचून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणते. माझ्याही घरात ते येत नाही आणि त्या दिवशी मी ते चाखलेही नाही. पण मसाला कालवला जात असताना पाठ फिरवून घरात जाणे मला जन्मात जमलेले नाही. मी कुंपणाशी उभी राहिले.

त्या गृहस्थांनी कॉफीच्या एका जुन्या डब्यातून मूठ भरून मसाला घेतला आणि मांसावर वरून, हात उंच धरून, पाऊस पाडल्यासारखा सोडला. मग तळव्याने तो चारही अंगांनी दाबून बसवला. या कोरड्या मसाल्याला तिकडे ‘रब’ म्हणतात. आपल्या भाषेत चोळण म्हणा. मला वाटले, डब्यात निदान दहा-बारा जिन्नस असतील. विचारले, तर उत्तर आले : दोन. जाडसर भरडलेले मिरे आणि मीठ. माझी निराशा चेहऱ्यावर उमटली असावी, कारण ते हसून म्हणाले की, त्यांच्या वडिलांच्या चोळणीत तिखट होते, लसणाची पूड होती, तांबडी साखरही होती. आजोबांच्या चोळणीत मात्र पुन्हा हे दोनच जिन्नस. आजोबांचा मसाला साधा, वडिलांचा लाल आणि नातवाचा पुन्हा साधा! एका घरात तीन पिढ्यांत असे का व्हावे? त्या प्रश्नाने मला वाचायला बसवले आणि जे हाती लागले ते या लेखात मांडते आहे.

* * *

आधी त्या मांसाविषयी थोडे सांगायला हवे. त्यावाचून मसाल्यातले शहाणपण कळायचे नाही. ब्रिस्केट म्हणजे जनावराच्या छातीचा, पुढच्या दोन पायांमधला भाग. गाईबैलांना माणसासारखे गळ्याखालचे आडवे हाड नसते. अंगाचा निम्म्याहून अधिक भार पुढच्या अंगाचे स्नायूच तोलून धरतात. जन्मभर ओझे वाहिलेला हा भाग, तेव्हा तो चिवट असणारच. भराभर शिजवला तर चामड्यासारखा होतो. त्याच्यातले चिवट तंतू मंद आचेवर तासन्‌तास राहिले, आतली उष्णता सत्तर अंशांच्या वर हळूहळू चढत गेली, तरच ते विरघळून मऊ होतात. त्याला बारा तास लागतात, कधी पंधराही. असे मांस श्रीमंतांच्या ताटासाठी कोण घेणार? ते नेहमीच स्वस्त राहिले आणि ज्यांच्यापाशी पैशापेक्षा सवड व चिकाटी अधिक होती, त्यांच्याच वाट्याला आले.

पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांत या भागाला सणाचा मान होता. त्यांच्या धर्मनियमांप्रमाणे जनावराच्या मागच्या अंगातली एक शीर काढून टाकावी लागते. ते काम इतके किचकट की, पुष्कळ ठिकाणी मागचे अंग वापरीतच नसत. पुढच्या अंगातला हा स्वस्त तुकडा मग सणासुदीला मंद आचेवर शिजे. १९०७ ते १९१४ या काळात सुमारे दहा हजार ज्यू लोक टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरात उतरले. तिकडे न्यूयॉर्कमध्ये रुमानियाकडून आलेल्या ज्यूंनी पास्त्रामी नावाचे खारवलेले, धूर दिलेले मांस लोकप्रिय केले, त्यावर चोळतात धने आणि मिरे. धने-मिरे म्हटल्यावर आपल्याला परके वाटायला नको. आपला निम्मा मसाल्याचा डबा तोच.

धुरावर मांस शिजवण्याची विद्या मात्र याहून पुष्कळ जुनी. ‘बार्बेक्यू’ हा शब्दच मुळी कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. त्यांच्याकडे काठ्यांच्या मांडवाला जो शब्द होता, तो स्पॅनिश लोकांनी ‘बार्बाकोआ’ असा उचलला. अमेरिकेच्या दक्षिण भागात जमिनीत लांब चर खणून, निखाऱ्यावर अख्खी जनावरे रात्रभर भाजण्याची मोठी जेवणे होत. जेवणारे मळेवाले गोरे आणि चरापाशी रात्र जागणारे बहुधा त्यांचे काळे गुलाम. मांस सुकू नये म्हणून व्हिनेगर, मीठ आणि लाल मिरचीचे पाणी त्यावर कुंच्याने सारखे शिंपडीत राहायचे, आच कमी-जास्त करायची, पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लावायचा नाही. वर्तमानपत्रांतून या मेजवान्यांची वर्णने येत, यजमानाचे नाव येई, भाषण करणाऱ्या पुढाऱ्याचे नाव येई. रात्र जागवणाऱ्याचे नाव क्वचितच येई.

टेक्सासमध्ये गुलामांच्या मुक्ततेची घोषणा झाली ती १९ जून १८६५ रोजी, गॅल्व्हेस्टन येथे. पुढच्याच वर्षापासून तो दिवस सण म्हणून पाळला जाऊ लागला. सणाला जागा हवी म्हणून ह्यूस्टनमधील मुक्त झालेल्या काळ्या लोकांनी १८७२ साली वर्गणी काढून, एक हजार डॉलरला दहा एकर जमीन विकत घेतली. त्या सणाच्या जेवणात धुरावर भाजलेले मांस असे. कालपर्यंत जे मालकासाठी रात्र जागले, ते आता आपल्या पोराबाळांसाठी जागू लागले. हातची विद्या तीच, मसाला तोच. पण घास आपला. हा दिवस टेक्सासने १९८० पासून आणि साऱ्या अमेरिकेने २०२१ पासून सार्वजनिक सुट्टीचा केला.

* * *

आता त्या शेजाऱ्यांच्या आजोबांच्या दोन जिनसांकडे येऊ. १८४५ साली न्यू ब्राउनफेल्स आणि १८४६ साली फ्रेडरिक्सबर्ग ही गावे टेक्सासात वसली ती जर्मन स्थलांतरितांनी वसवली. त्यांच्या पाठोपाठ चेक लोक आले. यांत मांसाचा धंदा करणारे पुष्कळ होते. आपल्या देशी ते सॉसेज करीत, मांस धुरावर टिकवीत; येथे येऊन त्यांनी गावोगाव मांसाची दुकाने थाटली. बर्फाची पेटी अजून घरोघर आलेली नव्हती. दिवसभरात जे मांस खपले नाही, ते नासून जाण्यापेक्षा दुकानाच्या मागल्या अंगाला धुरावर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी शिजलेले विकायचे, असा हा काटकसरीचा व्यवहार. सॉसेजसाठी मीठ आणि मिरे दुकानात पोत्याने असतच. तेच या मांसाला चोळीत. आजोबांच्या ‘गुप्त कृती’चे मूळ कुठल्या पाकशास्त्रात नसून असे दुकानाच्या फळीवर आहे.

गिऱ्हाईकही तसेच. कापूस वेचणीच्या हंगामात शेतमजूर गावात येत; त्यांत काळे होते, मेक्सिकन होते, गरीब गोरेही होते. मांस तराजूत तोलून खाकी कागदावर मिळे. त्याच्याबरोबर बिस्किटे आणि कच्चा कांदा. ताट नाही, काटा-चमचा नाही. दुकानाच्या पायरीवर बसून लोक बोटांनी खात. लॉकहार्ट गावात क्रॉइट्झ मार्केट हे दुकान १९०० साली निघाले. तेथे पुढे कित्येक वर्षे काटे मिळत नसत की मांसावर घालायला कालवणही मिळत नसे. त्याच गावी ब्लॅक घराण्याचे दुकान १९३२ पासून आहे. टेलर गावचे लुई म्युलर यांचे दुकान १९४९ पासूनचे. तिथल्या मांसावर मिऱ्यांचा थर असा असतो की, भिंतीइतकाच तोही धुराने काळा झालेला वाटतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. या जुन्या दुकानांत ब्रिस्केटच मिळे असे नाही. दुकानदाराकडे जनावराचे सबंध पुढचे अंग येई. खांदा, मान, छाती, जे उरेल ते भट्टीवर जाई. ब्रिस्केटचे राज्य सुरू झाले ते १९५० नंतरच्या काळात. पुढे १९६७ पासून आयोवा बीफ पॅकर्स या कंपनीने मांसाचे भाग कारखान्यातच वेगळे करून, खोक्यांत भरून पाठवायला प्रारंभ केला, तेव्हा कुणालाही हवा तेवढा एकच भाग मागवणे सोपे झाले. ज्याला लोक आज ‘टेक्सासची पुरातन परंपरा’ म्हणतात, तिच्यातला हा भाग आपल्या स्टीलच्या भांड्यांहून फारसा जुना नाही! परंपरांचे बहुधा असेच असते. आजीने केले ते अनादि काळापासूनचे, असे नातवंडांना वाटते.

* * *

वडिलांचा मसाला लाल झाला तो कसा, याची हकीकत सांगण्यासाठी आता दक्षिणेकडे, सॅन अँटोनियो शहरी गेले पाहिजे. हे गाव १७१८ साली स्पॅनिश लोकांनी वसवले. १७३१ साली आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या कॅनरी बेटांवरून पन्नास-पंचावन्न माणसे तेथे राहायला आली. गावच्या स्वयंपाकात जिरे आले ते त्यांच्याबरोबर, असे सांगतात. मिरची तर त्या भूमीची लेकच. मेक्सिकोत ती सहा हजार वर्षांहून अधिक काळ माणसाच्या सोबत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावच्या चौकात दिवस मावळला की एक निराळेच नगर उभे राही. मेक्सिकन बायका घरी शिजवलेल्या मांसाच्या हंड्या गाड्यांवर घालून आणीत, मेस्किटच्या लाकडाचा जाळ करीत, लांब बाके मांडून त्यावर रंगीत काचेचे कंदील ठेवीत. मिरची, जिरे, लसूण आणि ओरेगानोचा पाला पाट्यावर वाटून केलेला त्यांचा मसाला. त्यात शिजलेले मांस म्हणजे ‘चिली कॉन कार्ने’. शिपाई, गाडीवान, व्यापारी, प्रवासी सारे त्या बाकांवर मांडीला मांडी लावून बसत. या बायकांना लोक ‘चिली क्वीन’ म्हणत, मिरचीच्या राण्या! राणीपण ते कसले? दिवसा वाटायचे, रात्री वाढायचे, पहाटे भांडी घासायची. पण त्या कमाईवर त्यांची घरे चालत होती, हे खरे.

अशा काळात विल्यम गेबहार्ट नावाचा एक जर्मन तरुण न्यू ब्राउनफेल्समध्ये खाणावळ चालवीत होता. त्याच्या गिऱ्हाइकांना हे मेक्सिकन चवीचे मांस फार आवडे. पण तसली मिरची बारमाही मिळत नसे. हंगाम संपला की चव संपली. त्याने मेक्सिकोहून आंचो जातीच्या मिरच्या मागवल्या, वाळवल्या आणि घरातल्या मांस दळण्याच्या यंत्रातून तीन वेळा काढल्या. १८९४ च्या सुमारास त्याची ही पूड तयार झाली. जिरे, ओरेगानो, लसूण त्यात मिसळलेले. १८९६ साली ‘ईगल ब्रँड’ या नावाची नोंदणी झाली. पुढे सॅन अँटोनियोत कारखाना निघाला आणि त्यासाठी गेबहार्टने सदतीस यंत्रे शोधून त्यांची पेटंटे घेतली. फोर्ट वर्थच्या पेंडरी नावाच्या व्यापाऱ्याने अशी पूड त्याच्या आधीच, १८९० च्या सुमारास विकायला काढली होती असाही दावा आहे. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ. त्या वादात पाटा-वरवंटा हाती असलेल्या बायकांपैकी कुणी फिर्यादी म्हणून उभी नाही, हे मात्र डोळ्यांत भरते.

गेबहार्टने चोरी केली, असे मी म्हणणार नाही. मिरची वर्षभर टिकवण्याची त्याची युक्ती खरी होती, यंत्रे त्याच्या बुद्धीची होती, आणि त्याच्या डब्यामुळे जी चव एका चौकात होती, ती देशभर गेली. वर्षाचा मसाला डब्यात भरून ठेवणे, ही सोय किती मोलाची, हे आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला सांगायला नको. पण डबा शेल्फावर चढत असताना चौकात काय घडत होते, तेही पाहावे. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ‘सॅन अँटोनियो चिली स्टँड’ दिमाखाने मांडला गेला. आणि गावात मात्र या बायकांना एका चौकातून दुसऱ्या चौकात हलवीत राहिले. १९३७ साली नगराच्या आरोग्यखात्याने उपाहारगृहांचे नियम त्यांना लागू केले. भिंती नाहीत, नळ नाही, अशा उघड्या बाकांना ते नियम पाळता येणे शक्यच नव्हते. १९३९ साली मॉरी मॅव्हरिक या महापौरांनी त्यांना जाळीच्या तंबूत बसण्याची मुभा दिली. पण ती फार टिकली नाही. १९४० नंतरच्या चार-दोन वर्षांत चौकातले कंदील कायमचे विझले. स्वच्छतेचे नियम वाईट होते, असे कोण म्हणेल? परंतु ज्या चवीवर एक शहर मिरवले, ती चव हाती असणाऱ्या बायकांसाठी एक नळ आणि चार भिंती उभ्या करणे त्या शहराला जमले नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरामागच्या परसाला नवे महत्त्व आले. १९५२ साली जॉर्ज स्टीफन याने समुद्रातले धातूचे तरंगते पिंप अर्धे कापून गोल झाकणाची शेगडी केली आणि रविवारी बाप्यांनी हौसेने मांस भाजणे ही रीत पडली. या नव्या स्वयंपाक्यांना दुकानाच्या फळीवर सारे तयार मिळत होते : चिली पावडर, लसणाची पूड, कांद्याची पूड, पापरिका. पापरिका ही तर मिरचीच. अमेरिकेतून निघून, तुर्कांच्या राज्यातून हंगेरीत जाऊन, नाव बदलून माहेरी परत आलेली. कॅन्सस सिटीकडच्या चालीने साखरही आली. १९६३ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर एर्हार्ड यांना टेक्सासमधल्या आपल्या गावाजवळ मेजवानी दिली, ती ब्रिस्केट आणि बरगड्यांचीच. थंडी इतकी पडली की, शाळेच्या व्यायामशाळेत पंगत मांडावी लागली! त्या पंगतीचे आचारी वॉल्टर जेटन यांचे पाकपुस्तक १९६५ साली निघाले. बरगड्यांसाठी त्यांनी दिलेल्या कोरड्या मसाल्यात मीठ, साखर, मिरे, पापरिका अशी भरगच्च यादी आहे. शेजाऱ्यांचे वडील या काळातले. आपल्या बापाचे मीठ-मिरे त्यांना दारिद्र्याची खूण वाटली आणि डब्यांची रांग ही सुबत्तेची. मुलाने बापाहून चार जिन्नस अधिक घालावेत, यात अस्वाभाविक ते काय?

* * *

नातू मग मागे का फिरला? एक कारण चवीचे आहे आणि ते शास्त्रानेही पटते. चोळणीतले मीठ तेवढे हळूहळू मांसात शिरते. बाकीचे जिन्नस, मग ते कितीही सुवासिक असोत, पृष्ठभागापलीकडे फारसे जात नाहीत. तेव्हा मीठ हे आतल्यासाठी आणि मिरे हे बाहेरच्यासाठी. मिरे जाडसर भरडले तर मांसाचा पृष्ठभाग खडबडीत होतो, त्यात चरबी आणि धूर अडकतो, आणि बारा तासांत त्याची काळी, खमंग साल तयार होते. तिला तिकडे ‘झाडाची साल’ याच अर्थाच्या शब्दाने ओळखतात. साखर फार असेल आणि आच चढली, तर ती करपून कडवट होते. बारीक तिखटही तसेच. मधेच कित्येक तास मांसाची उष्णता चढतच नाही, तेव्हा नवशिके घाबरून जाळ वाढवतात. वास्तविक मांसातले पाणी बाहेर येऊन वाळत असते आणि माठातल्या पाण्यासारखा थंडावा धरीत असते. माठ ज्याने पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे कारण काळाचे. २००९ साली ऑस्टिनमध्ये ॲरन फ्रँकलिन याने एका गाडीवर ब्रिस्केट विकायला सुरुवात केली, चोळण मीठ-मिऱ्यांचीच. पहाटेपासून लोक रांगा लावू लागले आणि २०१५ साली त्याला अमेरिकेतला मानाचा जेम्स बियर्ड पुरस्कार मिळाला. ज्या साधेपणाची वडिलांना लाज वाटली होती, त्याचीच आता प्रतिष्ठा झाली. गरिबाची भाकरी श्रीमंताच्या पानात ‘आरोग्यदायी’ म्हणून येते, तसेच हे. त्या छातीच्या मांसाची स्वस्ताई मात्र आता उरली नाही.

आणि ते मिरे तरी कुणाचे? आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या, मलबारच्या जंगलातली ही वेल. इसवी सन ४०८ मध्ये अलारिकने रोम वेढले, तेव्हा मागितलेल्या खंडणीत तीन हजार पौंड मिरे होते. या मिऱ्यांच्या शोधात कोलंबस १४९२ साली निघाला आणि भलत्याच किनाऱ्याला लागून मिरचीपाशी पोचला. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला तो खऱ्या मिऱ्यांपाशी. मलबारची वेल पुढे सुमात्रात लागली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून सेलम बंदरातली अमेरिकन गलबते तिथून मिरे भरून नेऊ लागली. आज जगात सर्वांत अधिक मिरे व्हिएतनाम पिकवतो. उलट, मेक्सिकोची मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात गोव्याकडे उतरली. आपल्या लोकांना ते नवे तिखट फळ दिसले, तेव्हा त्यांनी मिऱ्यांवरून त्याला ‘मिरची’ म्हटले. तिकडे स्पॅनिश लोकांनीही मिऱ्यांच्या ‘पिमिएंता’वरून तिला ‘पिमिएंतो’ म्हटले. दोन टोकांची माणसे, एकमेकांना न विचारता, पाहुणीचे नाव घरच्या माणसावरून ठेवती झाली. म्हणजे टेक्सासच्या डब्यात आमचे मिरे आणि आमच्या चटणीत त्यांची मिरची. वाट्यांची ही देवघेव पाचशे वर्षे चालली आहे आणि कुणाची वाटी कुणाकडे राहिली, ते आता सांगता येणार नाही.

भारतात परतण्याच्या आदल्या दिवशी मी त्या शेजाऱ्यांना घरच्या काळ्या मसाल्याची एक बरणी दिली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग आत जाऊन कॉफीच्या त्याच डब्यातला मसाला एका लहान बाटलीत भरून घेऊन आले. रिकाम्या हाताने परत पाठवायचे नाही, ही रीत त्यांच्याकडेही असावी. मी त्यांना विचारले, “आजोबांना हे कुणी शिकवले?” ते म्हणाले, आजोबा लहानपणी एका दुकानाच्या मागल्या भट्टीवर कामाला होते, भट्टी सांभाळणारा एक काळा म्हातारा होता, त्याच्याकडून. त्याचे नाव? ते घरात कुणालाच ठाऊक नव्हते.

घरी आल्यावर त्या मसाल्याने मी सुरणाचे जाड काप चोळले आणि निखाऱ्यावर झाकण ठेवून भाजले. मुलांनी आवडीने खाल्ले. मग आईची वही काढली आणि शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिले : ‘जाड भरडलेले मिरे एक वाटी, जाडे मीठ एक वाटी, चांगले कालवून कोरडे ठेवावे.’ माथ्यावर नाव लिहायची वेळ आली, तेव्हा लेखणी थांबली. ‘ऑस्टिनच्या शेजाऱ्यांचे’ असे लिहिणे सोपे होते आणि ते खोटेही ठरले नसते. थोडा विचार करून मी लिहिले, ‘भट्टीवरच्या म्हाताऱ्याचे मीठ-मिरे’. नाव ठाऊक नाही, पण जागा तरी त्याची त्याला दिली.